नळाला मुंग्या

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा तुमच्या दारात, गॅलरीत नाहीतर गच्चीवर लाइटिंगची माळ लोंबत असेल. तर आधी उठा आणि त्या माळेचा जोड कुठं आहे ते बघून या. जमिनीवर पडलेला असेल तर पिन काढा, जोड उचला, वर बांधा आणि मग पिन लावा. आलात का जाऊन? आता बसा निवांत. मी सांगते ते ऐकून बसवणार नाही म्हणा, पण बसा.

मी काही लेखिका नाही. लोह्याला सासर, सातवीपर्यंत शाळा, पुढचं शिक्षण सगळं टेस्टर आणि पक्कडीनं झालेलं. आमच्या मालकांचा मंडपाचा धंदा. बांबू, कनाती, खुर्च्या ह्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं, पण करंटला माणूस इतका भ्यायचा की घरातला बल्ब बदलायला शेजाऱ्याला हाक मारायचे. मंडप म्हटलं की लाइटिंग आलीच. मग करायची कुणी? मी दारात बसून मेथी निवडावी तशा जळक्या माळा निवडायला लागले. कुठला बल्ब मेला, कुठं वायर तुटली, हाताला समजायला लागलं. पहिली माळ मी आमच्या वस्तीतल्या विहारावर चढवली. ती लागली तशा बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मालक खालून म्हणाले, "उतर आता, पडशील." त्या टाळ्यांवर मी सगळी उमर काढली. आता नांदेडात दुकान आहे, सून बघते. पण थंडी पडली की फोन मलाच येतो. "मावशी, खटका पडून राहिला. या लवकर."

लोकांना वाटतं, पावसात बिघाड जास्त. अहो, पावसाळ्यात माळा लावतंय कोण? माळा लागतात दिवाळीला, तिथून नाताळ, तिथून नवं साल. आणि नेमकी तीच थंडी. थंडीत स्वस्तातल्या वायरीचं प्लॅस्टिक कडक होतं. जरा वाकवलं की बारीक चीर जाते, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पहाटे दव पडलं, धुई म्हणजे धुकं आलं, की पाणी त्या चिरेत शिरतं आणि करंट तिथून गळायला लागतो. खटका पडतो, म्हणजे सेफ्टीचा स्विच ट्रिप होऊन वीज बंद होते. दुपारी ऊन तापतं, चीर वाळते, सगळं ठणठणीत. तुम्ही मला दुपारी बोलावलं तर मी नुसती चहा पिऊन परत येणार. म्हणून मी पहाटे जाते, सगळं ओलं असताना. पेशंट तापात असतानाच बघावा लागतो.

पण सगळा दोष दवालाच देता येत नाही. लातूरला एका कॉलनीत दिवाळीत रोज खटका पडायचा. मी गेले, जोड बघितले, सगळं कोरडं. मग एका काकूंच्या दारापाशी गेले आणि तिथंच खाली बसले. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवलेला, भोवती सुरेख रांगोळी, बोर्डाला ओलं हळदीकुंकू, वर फूल. आणि बोर्डाच्या डोक्यावरच नारळ फोडलेला! पाणी पिनेच्या भोकातून आत चाललंय.

"काकू, हे काय केलं?"

"अगं, एवढी झगमग देते ती. तिची पूजा नको करायला?"

"आणि ती रोज बंद पडते म्हणून तक्रार कुणाची आहे?"

"माझीच. म्हणून तर आज नारळ फोडला."

मी कपाळाला हात लावला. त्यांचा मुलगा मागून म्हणतो कसा, "मावशी, खटक्याची कटकटच नको. डायरेक्ट करून टाका ना."

डायरेक्ट. ह्या एका शब्दानं मला जितकं बेजार केलं तितकं कुठल्याच करंटनं केलं नाही. डायरेक्ट करणं म्हणजे वायरीचा तुकडा घ्यायचा आणि खटक्याला वगळून वीज सरळ पुढं न्यायची. खटका नाही, तर पडायचा प्रश्नच नाही. आपल्याकडं सगळ्यांना हे येतं. ज्याला फ्यूज कुठं असतो ते माहीत नाही, त्यालाही डायरेक्ट येतं.

काकूंचं हसून सोडून दिलं. नारळाचा प्रसादसुद्धा खाल्ला. पण आता जे सांगते त्यात हसायला काही नाही, आणि खरं म्हणजे सुरुवातीला आम्ही त्यातही हसलोच होतो.

किनवटकडं, जंगलाच्या अंगाला, मुलींचं एक वसतिगृह आहे. पोरी कुठून कुठून आलेल्या, तांड्यावरच्या, पाड्यावरच्या, काही पार इस्लापूरकडच्या. नाताळच्या सुट्टीआधी तिथं स्नेहसंमेलन असतं. वर्षातून त्या एका दिवशी आईबाप येतात, म्हणून बिल्डिंगला लाइटिंग. तिथल्या गृहपाल मॅडम कडक बाई. पोरी त्यांना टरकून असायच्या आणि दुखलं-खुपलं की त्यांच्याच मांडीवर झोपायच्या. त्यांची हजेरी म्हणजे हजेरी. सकाळी पोरी शाळेला निघाल्या की फाटकात उभं राहून मोजायच्या, परत आल्या की मोजायच्या. एक जरी कमी भरली तर फाटक बंद, आणि सगळं वसतिगृह शोधायला बाहेर.

मी माळा चढवल्या आणि माझा खटका बसवला. माझी ती रीतच आहे, माळ माझी तर खटकाही माझा. मॅडमनी विचारलं, "हे कशाला? मेन स्विच आहे की."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही हजेरी घेता ना? हा पण तेच करतो. एका वायरीनं जेवढा करंट गेला तेवढा दुसरीनं परत आला पाहिजे. जरा जरी कमी आला तर ह्याला कळतं की वाटेत कुठंतरी उतरला. भिंतीत, पत्र्यात, नाहीतर माणसात. की हा लगेच फाटक बंद करतो."

मॅडम हसल्या. "म्हणजे हा माझ्यासारखाच खडूस."

"तुमच्यासारखाच. म्हणून तो पडला तर त्याला शिव्या देऊ नका. मला फोन करा."

काही दिवसांनी फोन आला. पहाटे पडतो, संध्याकाळी पडतो, मधे नीट. मी संमेलनाच्या आदल्या दुपारी पोचले. ऊन चांगलं पडलेलं, त्यामुळं जे व्हायचं तेच झालं, काही सापडेना. जोड बघितले, बोर्ड बघितला. एका भिंतीवरची माळ तेवढी बघायची राहिली, कारण तिच्यापुढं तारेवर ओल्या चादरींची रांग लागलेली. आधी ही कपडे वाळवायची तार मागच्या बाजूला होती. पण थंडीत मागं ऊन येत नाही, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून ती इकडं आणून बांधलेली. मॅडम म्हणाल्या, "चादरी संध्याकाळी काढतो. तुम्ही पहाटे येणारच आहात, तेव्हा बघा."

मी म्हटलं, "ठीक. पण तोवर खटका पडला तर पडू द्या. वर करू नका."

"नाही करत."

निघता निघता नळाच्या ओट्याकडं नजर गेली. पाण्याच्या लोखंडी टाकीखाली सिमेंटचा ओटा, त्यावर नळ, आणि ओट्याभोवती पांढऱ्या पावडरीची जाड रेघ.

"हे काय?"

"मुंग्या हो," मॅडम वैतागून म्हणाल्या. "चार दिवस झाले, पोरी नुसत्या ओरडून राहिल्यात, नळाला मुंग्या, नळाला मुंग्या. पावडर टाकून टाकून हात दुखले. मुंगी काही दिसत नाही."

"थंडीच्या मुंग्या?" मी म्हटलं. "मुंग्या तर पावसाच्या तोंडाला निघतात."

"आमच्या मुंग्या मॅडमसारख्याच हायेत," स्वयंपाकघरातून कुणीतरी बोललं. "कवा निघतील, नेम न्हाई." सगळे हसले. मॅडमही हसल्या, मीही हसले. आणि किनवटात बहिणीकडं मुक्कामाला गेले.

सकाळी रिक्षातून उतरले तर धुई अशी दाट की फाटक हाताला लागलं तेव्हा दिसलं. आणि त्या धुईत माझी लाइटिंग पेटलेली. सांगू नये, पण इतकी सुंदर दिसत होती! लाल, पिवळा, हिरवा, सगळा उजेड धुईत विरघळलेला. आतून पोरींचा गलका येत होता. टाळ्या चालल्या होत्या, एका सुरात आकडे म्हणून राहिल्या होत्या. "सहा! सात! आठ!" मला वाटलं दोरीवरच्या उड्या चालल्या. बरं वाटलं बघा.

फाटकात नागोराव मामा, म्हणजे तिथले वॉचमन, मफलर गुंडाळून झाडून राहिले होते. मी वर बघितलं. माळेच्या एकेका बल्बाखाली पाण्याचा थेंब लोंबत होता. भिंतीवरून ओघळ चालले होते.



इतकं ओलं असताना खटका पडला कसा नाही? इतकी वर्षं खटका पडला म्हणून मला बोलावणं आलं. न पडलेल्या खटक्याची भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

"मामा, हे चालू कसं?"

"झालं ना काम, मावशी!" मामा खूश. "काल तालमीच्या टायमाला तीनदा पडला. पोरी रडायला लागल्या. मॅडम म्हणल्या, उद्या आईबाप येतेत लांबून, अंधारात बसवायचं काय त्यास्नी? मामा, डायरेक्ट करा. म्या केलं. आता पडतच न्हाई!"

"आणि सकाळी बंद का नाही केलं?"

मामा जरा घोटाळले. "बंद कुठून करावं ते समजंना."

आतून आवाज येतच होता. "बारा! तेरा! सोस, रंजू, सोस! मुंग्या सोस!"

काय सांगू तुम्हाला. कानावर शब्द पडला आणि तेव्हा कुठं तो मला कळला. मुंग्या. पोरी कधीच म्हणत नव्हत्या की नळावर मुंग्या फिरतात. त्या म्हणत होत्या, नळाला हात लावला की मुंग्या येतात. हाताला मुंग्या येतात, पाय आखडला की येतात, तशा. पोरींकडं दुसरा शब्दच नव्हता. आणि आम्ही शहाणी माणसं ओट्यावर पावडर टाकून राहिलो होतो.

मी धावले. ओट्याभोवती पोरींचं कडं. अंघोळीच्या बादल्या रांगेत, पाय उघडे, फरशी ओली. मधे रंजू, सातवीतली, काटक पोरगी. दोन्ही हातांनी नळ धरलेला. मान मागं गेलेली, दात घट्ट मिटलेले. बाकीच्या टाळ्या वाजवून राहिलेल्या, कारण इतक्या आकड्यांपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. रोजचा खेळ होता त्यांचा. कोण जास्त वेळ मुंग्या सोसतं.

तिला सोडायचं नव्हतं असं नाही. तिला सोडता येत नव्हतं.

मॅडम पलीकडून येऊन राहिल्या होत्या. हातात पावडरीचा नवा पुडा.

मामा माझ्या मागून धावत पुढं गेले, पोरीला ओढायला. मी किंचाळले, "मामा, शिवू नका तिला! तुम्हीपण चिकटाल!" माझा आवाज ऐकून मामा जागच्या जागी थिजले. आणि मी उलट्या दिशेला पळाले. पोरीकडं पाठ करून पळायचं हे शरीराला पटत नाही हो. सगळा जीव तिकडं ओढतो. पण मेन स्विच व्हरांड्यात होता. त्याचा लोखंडी दांडा गंजलेला, हलेना. मी पदर गुंडाळून दोन्ही हातांनी लोंबकळले आणि तो खाली आला.

सगळा उजेड गेला. आकडा अर्ध्यातच थांबला. इतकी शांतता की पत्र्यावरून पडणारं पाणी ऐकू आलं. आणि मग रंजू पडल्याचा आवाज.

मॅडमनी तिला उचललं. पुडा फुटला होता, पोरीच्या केसांत, मॅडमच्या साडीवर सगळीकडं पांढरी पावडर. मॅडम नुसत्या म्हणत होत्या, "बोल, रंजू, बोल." ती बोलेना. श्वास होता, पण बोलेना. शेजारच्या जीपवाल्यानं गाडी काढली, आम्ही सरकारी दवाखान्यात नेलं. जीपमध्ये मॅडम तिच्या पायातल्या रबरी चपलांकडं बघत होत्या. थंडी वाजते म्हणून रंजूनं त्या दिवशी चपला काढल्याच नव्हत्या. डॉक्टरही तेच म्हणाले, चपला ओल्या होत्या म्हणून करंटनं पकडली, आणि चपला होत्या म्हणून वाचली. रंजूच्या मागं रांगेत उभ्या असलेल्या पोरी सगळ्या अनवाणी होत्या. मी ते मनात पुढं जाऊ देत नाही. तिथंच थांबवते.

रंजूनं डोळे उघडले तेव्हा तळहातावर नळाच्या आकाराचा व्रण उमटला होता. मी जवळ बसले होते. मला वाटलं आईला हाक मारेल. ती म्हणाली, "मावशी, म्या जितले न्हाई."

"काय गं बाळा?"

"हात सुटतच नव्हता. ते जितण्यात धरायचं न्हाई."

मला रडू आलं आणि मॅडम बाहेर निघून गेल्या.

दुपारी मी परत जाऊन ती भिंत बघितली. चादरींची तार आणि माझी माळ एकाच खिळ्याला अडकलेली. ओल्या चादरींच्या वजनानं तार हलायची, घासायची. थंडीनं कडक झालेल्या वायरीचं प्लॅस्टिक तिनं खरवडून काढलेलं. तारेचं दुसरं टोक टाकीच्या लोखंडी पायाला, टाकीला पाइप, पाइपला नळ. रोज थोडा करंट ह्या वाटेनं उतरायचा, पोरींना मुंग्या यायच्या. दव वाढलं की गळती वाढायची आणि खटका पडायचा. रोज सकाळ-संध्याकाळ तो त्या पोरींना वाचवत होता, आणि सगळे त्याच्यावर चिडत होते. खटक्याच्या बाजूनं मामांनी घातलेला वायरीचा तुकडा वीतभर लांब होता. पिवळ्या रंगाचा. मी आधी तो उपटून काढला.

मामा जवळ येऊन उभे राहिले. "मावशी, म्या तर चांगल्यासाठी केलं."

"माहीत आहे मामा."

"मॅडम पण चांगल्यासाठीच बोलल्या."

"तेही माहीत आहे."

खरं तर तेच मला अजून पचत नाही. वाईट मनाचं कुणी असतं तर मी भांडले असते, चार शिव्या घातल्या असत्या, जीव मोकळा झाला असता. इथं तर एकाही पोरीची हजेरी चुकू न देणारी बाई, आणि तिनंच हजेरी घेणाऱ्याला बाजूला केलं. का, तर आईबापांना पोरी उजेडात दिसाव्यात म्हणून.

आईबाप आले. संमेलन उन्हातच उरकलं, लाइटिंगशिवाय. रंजूची आई इस्लापूरकडून आली, तिला आधी दवाखान्यात न्यावं लागलं. मॅडमनी स्वतः नेलं आणि झालं ते सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, काही लपवलं नाही. ती माउली पोरीचा हात मांडीवर घेऊन बसली. एवढंच म्हणाली, "रंजी सांगत होती, आमची बिल्डिंग लई झगमगती, बघाया ये."

मॅडम भिंतीला टेकल्या. "मी पावडर टाकत होते हो," त्या म्हणाल्या. "लेकरं रोज सांगत होती आणि मी पावडर टाकत होते."

त्या वर्षापासून मी कुठंही गेले तरी खटका कधी पडतो हे आधी विचारत नाही. आधी विचारते, "मुंग्या कुठं येतात?" लोक चक्रावतात. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "फाटकाला हात लावला की जरा झिणझिण होतं बघा." बायाच सांगतात हे बहुतेक. फाटक उघडायचं, नळ सोडायचा, तारेवर कपडे टाकायचे, हात त्यांचेच ना. घरात आधी सांगितलेलं असतं त्यांनी. थंडीनं होत असेल, असं उत्तर मिळालेलं असतं.

वसतिगृहात आता कपड्यांना नायलॉनची दोरी आहे. सकाळची हजेरी संपली की मॅडम विचारतात, "मुंग्या?" पोरी एका सुरात ओरडतात, "न्हाई!" नवीन आलेल्या पोरींना वाटतं ही काहीतरी प्रार्थना आहे.

मागच्या हिवाळ्यात सकाळी सकाळी फोन वाजला. बाहेर धुई. मॅडमच होत्या.

"मावशी, खटका पडला!"

आवाजात असा आनंद की कुणाला वाटावं, घरात पाळणा हलला.

"वर नाही ना केला?"

"कुणाची छाती आहे? रंजू दहावीला आहे आता. ती मेन स्विच बंद करून त्याच्यापुढं उभी आहे, मामांना व्हरांड्यातसुद्धा येऊ देईना. म्हणते, मावशी आल्याबिगर हलायची न्हाई."

"आणि हजेरी?"

"घेतली. सगळ्या आहेत."

"येते," म्हटलं, आणि आधी पायात चपला घातल्या.